हॅलो हॅलो, पोर टेस्टिंग!

डिसेंबर लागला की नंदुरबारात दोन गोष्टी एकदमच तापतात. मिरचीचा बाजार आणि शाळांचं गॅदरिंग. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची नजर पोचेल तिथवर वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की सगळ्या गावाला ठसका लागतो. नेमक्या त्याच हवेत, त्याच थंडीत, सहा ते दहा वर्षांच्या जिवांनी रात्री साडेआठला मोकळ्या मैदानावर उभं राहून वरच्या ‘सा’ला हात घालायचा, असं आपलं शैक्षणिक धोरण आहे. ते कुठे लिहिलेलं नाही, म्हणूनच पाळलं सगळीकडे जातं.

या दिवसांत मला परीक्षक म्हणून बोलावणी येतात. कारण माझ्याकडे पेटी आहे. ती मला वाजवता येते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. घरात पेटी असलेला माणूस, स्वतःच्या मोटरसायकलवर येतो आणि मानधनाचं नाव काढत नाही, एवढी पात्रता आमच्याकडे पुरते. त्या पात्रतेवर मी बराच जिल्हा पाहिला. 1 जुलै 1998 ला आम्ही धुळ्यातून वेगळे निघालो. सहा तालुक्यांचा संसार. खाली सपाटीवर ऊस, केळी, कापूस. वर सातपुड्यात अक्कलकुवा आणि अक्राणी, जिथे एसटीसुद्धा घाट चढताना दोनदा दम खाते. कुठे अहिराणी, कुठे गुजर बोली, कुठे मावची, भिलोरी, पावरी. दर वीस कोसांवर भाजीची चव बदलते, पण गॅदरिंग मात्र शहाद्याच्या इंग्रजी माध्यमापासून डोंगरातल्या आश्रमशाळेपर्यंत एकच. बॅनरवरचे फोटो तेवढे बदलतात.

पत्रिकेत वेळ सहाची असते. पोरं चारला बोलावलेली असतात, कारण मेकअप. मेकअप म्हणजे दोन्ही गालांवर टिळ्यासारखा लाल रंग आणि ओठांवर लिपस्टिक. ती पुसली जाऊ नये म्हणून चारपासून पाणी प्यायला बंदी. पाहुणे साडेसातला येतात. मग दीपप्रज्वलन. वाऱ्यापुढे समई टिकत नाही, मग चार मान्यवर हातांचा आडोसा करतात आणि पाचवे फोटोसाठी त्या आडोशातून मान वर काढतात. मग शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. मग ‘दोन शब्द’. आमच्या भागात ‘दोन शब्द’ हे वजनाचं माप आहे. साधारण पाऊण तास भरतो. ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं’ हे वाक्य माइकवरून घुमत असतं, तेव्हा ती फुलं पडद्यामागे एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली असतात. मोराचा पिसारा अंगावर पांघरून गाढ झोपलेला मोर मी पाहिला आहे. त्याला हलवून जागं केलं आणि थेट स्टेजवर ढकललं. तो नाचला नाही. तुम्ही नाचला असता?

आता खरा प्रसंग. दुसरीतला एक मुलगा गाणं म्हणायला येतो. माइकचा स्टँड नुकतंच भाषण केलेल्या पाहुण्यांच्या उंचीचा. मुलाच्या डोक्यावर एक वीत मोकळी हवा आणि तिच्यावर माइक. मुलगा वर बघतो, चंद्र बघावा तसा. एक सर धावत येतात, स्टँडचा आटा सोडतात. आटा सोडल्यावर स्टँड हळूहळू खाली येत नाही, तो कोसळतो. धाड्दिशी आवाज होतो, बॉक्समधून ‘कूंऽऽई’ अशी शिट्टी निघते आणि पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागतं. सर माइक मुलाच्या दातांना टेकवून निघून जातात. जाता जाता पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, “घाबरायचं नाही!” तोवर त्या मुलाच्या डोक्यात घाबरण्याचा विचारही आलेला नसतो. आता येतो.

तो म्हणतो, “माझं नाव...” आणि थांबतो. कारण त्याचं नाव मैदानाच्या पलीकडून, बसस्टँडच्या भिंतीवर आपटून, कुणीतरी मोठ्या आवाजात परत सांगितलेलं त्याला ऐकू येतं. तो वळून मागे बघतो. मागे कुणी नाही. पुन्हा म्हणतो, “माझं नाव...” पुन्हा तोच कोण तरी. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा आवाज त्याने एवढा मोठा ऐकलेला असतो, आणि तो आपलाच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपण खाली बसून म्हणतो, पोरगं बुजलं. ते बुजलेलं नसतं, शोध घेत असतं.

गॅदरिंगच्या आठ दिवस आधी एका दुपारी माइक लावून पोरांना नुसता खेळायला दिला तर? बैलाचा आवाज काढ, एसटीचा हॉर्न काढ, आपल्या नावाने आपल्यालाच हाक मार. अर्ध्या तासात माइकची भीती जाते. पुढे माइक परत घ्यायला सरांना घाम फुटतो, तो भाग वेगळा. पण मंडपवाला माइक आणतो त्याच संध्याकाळी, आणि आणल्यावर त्याला हात लावायचा अधिकार एकट्या त्याच्या पोराला. तो ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतो. पूर्ण कार्यक्रमात न घाबरता, मनापासून, आनंदाने सादर झालेला हा एकच आयटम. त्याला बक्षीस नसतं.

माइक जमला तर पट्टी आडवी येते. गाणं बसवणारे गुरुजी पुरुष. त्यांचा गळा पेटीच्या काळी एकच्या आसपास. तिथूनच ते पोरांना गाणं शिकवतात. लहान मुलांचा गळा काळी चार, काळी पाचच्या घरात सुखात असतो. त्यांना काळी एक दिली की मुखडा विहिरीत जातो. खालचे सूर नुसते ओठांवर दिसतात, ऐकू येत नाहीत. मग गुरुजी ओरडतात, “आवाज काढा, जेवला नाहीत का?” पोरं जेवलेली असतात, पण गुरुजींच्या पट्टीत जेवलेली नसतात. दुसऱ्या टोकाला मोबाइलवरचा ट्रॅक. तो ज्या गायिकेसाठी बनवला तिच्या पट्टीत. तिथे अंतऱ्याला पोरांचे गळे कापसाच्या वातीसारखे बारीक होत जातात आणि टोकाला विझतात. परीक्षकांच्या कागदावर मात्र ‘सूर: 10 गुण’. त्याखाली ‘वेशभूषा: 10 गुण’. गुरुजींच्या पट्टीला रकाना नाही.

ट्रॅकचं आणखी एक. तो कुणातरी मॅडमच्या मोबाइलवर असतो. मोबाइल ब्लूटूथने स्पीकरला जोडलेला. भर गाण्यात मॅडमच्या घरून फोन येतो आणि सगळ्या पंचक्रोशीला कळतं की कुकरची शिट्टी सापडत नाहीये. नाहीतर मध्येच जाहिरात लागते. एका शाळेत देशभक्तिपर गीताच्या ऐन मध्यावर कर्जाची जाहिरात लागली. मोठी माणसं स्पीकरकडे धावली. नाच बसवलेल्या चौथीतल्या मुलींनी मात्र शेजारणीकडे एकदा पाहिलं आणि त्या जाहिरातीवर आठाची दोन आवर्तनं बिनचूक नाचून घेतली. मी पैकीच्या पैकी दिले. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही.

हा सगळा दोष शाळांच्या माथी मारून घरच्यांना मोकळं सोडण्याचा माझा विचार नाही. पहिलं प्रशिक्षण घरीच होतं. पाहुणे येतात. चहा टाकलेला असतो आणि तो उकळेपर्यंत विषय संपतात. मग बाप हाक मारतो, “ये रे भाऊ! काकासले गाणं म्हनी दाखाड!” भाऊ आईच्या पदरामागे. “म्हन ना रे, लाजू नको!” भाऊ पदर तोंडात. “काल तर चांगला म्हनत व्हता!” आता बापाच्या अब्रूचा प्रश्न. चॉकलेट दाखवलं जातं, मग डोळे, मग सरळ हात उगारला जातो. काका बिचारे म्हणतात, “राहू द्या हो,” कारण त्यांनाही गाणं नको, चहा हवा असतो. चहा पिऊन ते निघाले, गाडीला किक मारली, की आतून, न्हाणीघरातून, अंतऱ्यासकट सगळं गाणं खणखणीत ऐकू येतं. हे घरोघरी होतं. तरी आपण पोराला लाजाळू म्हणतो आणि तेही त्याच्या देखत, म्हणजे पुढच्या वेळी काय व्हायचं ते त्यालाही कळून राहतं.

त्यात 2008-09 साली टीव्हीवर ‘लिटल चॅम्प्स’ आले. कार्तिकी गायकवाड जिंकली, मुग्धा वैशंपायन तर इतकी चिमुकली की घराघरांतल्या आज्यांनी तिची दृष्ट काढली. कार्यक्रम गोडच होता. अंतिम फेरीतली पाचही मुलं पुढे गाण्यातच राहिली. पण त्यानंतर आमच्या भागात ज्याला त्याला आपलं लेकरू चॅम्प वाटायला लागलं. टीव्हीवरच्या त्या पोरांमागे केवढा रियाज होता, घरात कुणाकुणाचं गाणं होतं, हे कुणी बघितलं नाही. बघितला तो टाळ्यांचा आवाज. तेव्हापासून गाणं झालं की पोरं प्रेक्षकांकडे न बघता आमच्याकडे, परीक्षकांकडे बघतात. टीव्हीवरच्या परीक्षकांसारखा आम्ही ‘ध’ द्यावा म्हणून. आमच्याकडे ध नसतो. आमच्याकडे बॉलपेन असतं आणि तेही शाळेचं.

आता थोडं विज्ञान सांगतो, कारण परीक्षकाला मधूनमधून विज्ञान सांगावं लागतं. बघणाऱ्यांपुढे काम सुधारतं की बिघडतं, याचा अभ्यास अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी केला. 1969 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी प्रेक्षक बसवले. झुरळांचे. पळणारंही झुरळ, बघणारीही झुरळं. मागे दिवा लावला की झुरळ अंधाराकडे पळायचं. वाट सरळ असेल तर प्रेक्षकांसमोर ते एकट्यापेक्षा जोरात पळालं. पण वाटेत वळण असेल, विचार करावा लागत असेल, तर प्रेक्षकांसमोर ते एकट्यापेक्षा जास्त अडखळलं. म्हणजे हाडीमाशी खिळलेली गोष्ट चारचौघांत खुलते आणि कच्ची गोष्ट चारचौघांत हमखास फसते. हे झुरळाला लागू आहे, तबलजीला लागू आहे. आपल्याकडे मात्र गॅदरिंगसाठी मुद्दाम नवं, अवघड, गेल्या पंधरवड्यात बसवलेलं गाणं निवडतात. पोराला पहिलीपासून पाठ असलेलं गाणं कुणी घेत नाही. “ते तर सगळ्यांनाच येतं,” म्हणतात. तेच तर!

जपानचे शिनिची सुझुकी लहान मुलांना व्हायोलिन शिकवायचे. त्यांच्या पद्धतीत पहिल्या धड्याला वाजवायला नव्हे, वाकून नमस्कार करायला शिकवतात. यायचं कसं, उभं कसं राहायचं, झाल्यावर वाकायचं आणि जायचं. शिवाय मुलाच्या आधी आईबापाला थोडं वाजवायला लावतात, म्हणजे लेकराच्या चुकांना हसायची त्यांची इच्छा आपोआप कमी होते. आमच्याकडे गाणं शिकवतात, पण गाणं संपल्यावर काय करायचं हे शिकवत नाहीत. त्यामुळे शेवटची ओळ संपते आणि पोरगं तिथेच उभं. टाळ्या होतात, ते उभं. टाळ्या संपतात, ते उभं. निवेदिका पुढच्या कार्यक्रमाचं नाव घेते, ते अजून उभं. शेवटी पडद्यामागून एक हात येतो आणि त्याला कॉलर धरून आत ओढून घेतो. प्रेक्षक हसतात. सबंध गाणं नीट म्हटलेल्या पोराला त्या रात्री घरी जाताना आठवतो तो हा हात.

आमच्या सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे नाचरा घोडा बघून भलेभले थांबतात. पण ढोल कधी कानावर न पडलेलं शिंगरू एकदम वरातीत कुणी उतरवत नाही. आधी लांबून ऐकवतात, सरावलेल्या घोड्याशेजारी उभं करतात, कान टवकारणं कमी झालं की चार पावलं पुढे नेतात. लाथ मारली तर दोष शिंगराला देत नाहीत. घोडेवाल्याला जे कळतं ते बीएडला शिकवत नसावेत.

आणि हीच पोरं, हीच, होळीला बघावीत.

अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं गाव आहे. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. आजूबाजूच्या डोंगरांतून, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या बाजूनेसुद्धा, लोक पायी, जीपने, पिकअपमध्ये उभ्याने येतात. मोठमोठे ढोल, बासऱ्या, आणि रात्रभर नाच. होळी पेटते पहाटे. नवस केलेले बावा-बुध्ये अंगभर पांढरे ठिपके काढतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात. त्यांच्यात बापाच्या कमरेइतकी पोरं असतात. तसाच टोप, तसेच भोपळे. त्यांच्या मापाचे छोटे, एवढंच. मी एकाला ओळखलं. डिसेंबरात एका आश्रमशाळेच्या स्टेजवर ‘नाच रे मोरा’ला हा पुठ्ठ्याचा पिसारा लावून उभा होता. ते गाणं गदिमांचं, पु. ल. देशपांड्यांच्या चालीचं, आशाबाईंनी ‘देवबाप्पा’त गायलेलं, 1953 सालापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक बालवाडीने नाचवलेलं. त्यावर हा दोन कडवी खांबासारखा उभा राहिला आणि मी त्याला ‘हावभाव: 2’ दिले होते. आता खरी मोरपिसं डोक्यावर घेऊन तो रात्री दोन वाजता नाचत होता. पाय ढोलाच्या घावावर नेमका पडत होता. कमरेचे भोपळे खुळखुळत होते. मध्येच थांबला, नाक पुसलं, बापाच्या हातातल्या पानातलं काहीतरी खाल्लं, परत आत शिरला. कुणी त्याचं नाव पुकारलं नाही. कुणी “घाबरायचं नाही” म्हटलं नाही. समोर लोक होते किती? हजारो. मैदान भरलं नव्हतं, डोंगर भरला होता.

मी तिथेच शेकोटीजवळ बसून विचार केला (रात्री दोनला दुसरं करण्यासारखं काही नसतं). याला बुजरं म्हणणार कसं? एकतर तो एकटा नव्हता. पुढे बाप, मागे काका, शेजारी शेजारच्या पाड्यावरचा त्याच्याच वयाचा. पाऊल चुकलं तर ढोलात बुडून जात होतं. दुसरं, हा नाच त्याने बसवलेला नव्हता. चालता येत नव्हतं तेव्हापासून कुणाच्या तरी खांद्यावर बसून तो पाहिलेला होता. काही वर्षं खांद्यावर, काही वर्षं रिंगणाच्या काठावर, आणि मन झालं त्या वर्षी आत. आत कधी जायचं हे त्याचं त्याने ठरवलं. तिसरं म्हणजे तिथे खुर्च्या नव्हत्या. नाचणारे आणि बघणारे यांच्यामध्ये ताडपत्रीचा पडदा नव्हता. आत्ताचा बघणारा घटकाभराने नाचणारा होत होता. परीक्षकसुद्धा ढोलाजवळ जास्त वेळ उभा राहिला तर त्याच्या गुडघ्यांचं काही सांगता येत नव्हतं.

डोंगरातच असं आहे असं नाही. सपाटीवर कानबाईचा उत्सव बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्र गाण्यांत जाते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. चुलत्या, माम्या, आत्या, गल्लीभर बाया, आणि त्यांच्यात घुसलेल्या परकरातल्या पोरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गौराईची गाणी म्हणणाऱ्या मुलींना कधी कुणी शिकवायला बसलं नव्हतं. आणि लग्नसराईत पिकअपवर बँजो आणि कीबोर्ड लावून बँडवाल्यांनी टिमली नाचाचा ठेका धरला की रांगेच्या शेपटाला चड्डी सांभाळत लागलेलं जे पोर असतं, ते परिपाठात ‘आजचा सुविचार’ सांगताना रडलेलं असतं. विचारून बघा.

शाळेतही एक गोष्ट मी वारंवार पाहिली. नंदुरबारच्या शाळांत शिरीषकुमारचा प्रसंग कधी ना कधी बसवतातच. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन निघालेली पोरांची मिरवणूक, पोलिसांच्या बंदुका. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गेले ते याच गावात, आणि ती जागा पोरं रोज येता-जाता बघतात. त्या प्रसंगात एकही मूल अडखळलेलं मी पाहिलेलं नाही. इंग्रज अधिकारी व्हायला कुणी तयार होत नाही, एवढीच अडचण. शेवटी तो मान वर्गातल्या सर्वांत गोऱ्या आणि गरीब स्वभावाच्या मुलाला मिळतो आणि तो गोळी झाडल्यावर ‘सॉरी’ म्हणतो. पण मिरवणुकीतली पोरं? गळ्याच्या शिरा ताणून घोषणा. गोष्ट त्यांची आहे, आणि ती एकमेकांना धरून उभी आहेत.

धडगावकडे एका छोट्या शाळेत एका बाईंनी एकदा वेगळंच केलं. पोरांची घरची बोली पावरी. मराठी गाणी ती पाठ म्हणतात, पण शब्दांची तोंडओळख तेवढी, मैत्री नाही. बाईंनी त्या वर्षी एक गाणं पोरांच्या घरचं घेतलं, पावरी. बाईंना स्वतःला ते येत नव्हतं. पोरांनी बाईंना शिकवलं, आणि बाई चुकल्या की पोरं टाळ्या पिटून हसायची. ते सगळं आठवडाभर वर्गात चाललेलं. कार्यक्रमाच्या दिवशी स्टेज नव्हतं, वर्गासमोरचा ओटा होता. माइक होता, पण वीज नव्हती, हे नशीब. पोरांनी पहिली ओळ घेतली आणि खाली बसलेल्या बायांनी, काही विचार न करता, दुसरी उचलली. मग पोरांनी तिसरी. एक म्हातारी उठली आणि पदर खोचून पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे नियमात बसतं का? मी माझा कागद पाहिला. त्यात ‘शिस्त: 10 गुण’ असा रकाना होता. मी कागदाची घडी करून खिशात टाकली. गाणं वाढत गेलं, ओट्यावरून अंगणात उतरलं, आणि पाहुण्यांच्या भाषणाला वेळच उरला नाही. पाहुणे माझ्याशी बोलले नाहीत, पण जेवण चांगलं होतं.

राहता राहिले मोबाइलवाले आईबाप. कार्यक्रम सुरू झाला की हे सगळे उठून स्टेजला भिडतात. पोर वर येतं आणि पहिल्यांदा काय करतं? आई शोधतं. कोणतंही पोर हेच करतं. त्याला गर्दीत आईचा चेहरा सापडला की अर्धं काम झालं. पण चेहऱ्याच्या जागी त्याला मोबाइलची पाठ दिसते. आईच्या ठिकाणी मोबाइल, बापाच्या ठिकाणी मोबाइल, मामाच्या ठिकाणी टॅब. आणि त्या मोबाइलमागून आवाज येतात, “हस! हात वर कर! इकडे बघ!” एकीकडे गाणं, एकीकडे ताल, एकीकडे मामा. ते बिचारं कुणाचं ऐकेल? पुढे तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, चाळीस अंगठे मिळतात, आणि बाळाने मात्र त्या रात्री आईला पाहिलेलंच नसतं.

तेव्हा यंदा गॅदरिंग काढणाऱ्या सगळ्या मुख्याध्यापकांना, गुरुजींना, मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. पोरं आधी, पाहुणे नंतर. सहाला गाणी सुरू करा. भाषणं नऊला ठेवा, ज्यांना ऐकायची ते थांबतील. सगळ्यांत लहानांना सगळ्यांत आधी एकेकटं ढकलू नका. मोठ्यांच्या रांगेत मिसळा, काठाने उभं करा, नको म्हणाली तर खाली बसून टाळ्या वाजवू द्या, पुढच्या वर्षी येतील. परिपाठात 2023 पासून राज्यगीत आहेच, ते रोज शंभर पोरं न घाबरता म्हणतात. त्याच रांगेतून रोज दोघातिघांना पुढे येऊन आवडीच्या चार ओळी म्हणू द्या, शनिवारी त्यांच्या बोलीतल्या. डिसेंबरपर्यंत माइकच पोरांना घाबरेल. पहिला, दुसरा, तिसरा हे नंबर धावण्याच्या शर्यतीत ठेवा. आणि आईबाप मंडळींनो, एकाच काकाला शूटिंगला नेमा, बाकीच्यांनी हात मोकळे ठेवून खाली बसा, दिसाल असे.

परीक्षक म्हणून मला बोलावलं नाही तरी चालेल, वाईट वाटणार नाही. पेटी हवी असेल तर घरून घेऊन जा. काळी चारची पट्टी जरा चिकटते, दाबल्यावर बोटाने उचलावी लागते. पण पोरांना तीच लागणार आहे, तेवढं करा.